जपानमधील मर्दन व्यावसायिक

आन्मा-मसाज-शिआत्सू-शी हे जपानमधील परवानाधारक मर्दन व्यावसायिकाचे कायदेशीर नामाभिधान आहे. या नावात आन्मा ही पारंपरिक मर्दनपद्धती, युरोपातून आलेला मसाज आणि विसाव्या शतकात आकारास आलेले शिआत्सू अशा तीन पद्धती एकत्र आल्या आहेत. 'शी' या प्रत्ययाचा अर्थ त्या विद्येत पारंगत असलेला व्यावसायिक असा होतो. जपानी कायद्यानुसार डॉक्टरव्यतिरिक्त कोणालाही हा परवाना घेतल्याविना मर्दनाचा व्यवसाय करता येत नाही. परवान्यासाठी किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आवश्यक असते.

या व्यवसायाचे जगातील इतर देशांतील मालिश-व्यवसायाहून असलेले वेगळेपण म्हणजे त्याचा दृष्टिहीनांशी असलेला सुमारे साडेतीनशे वर्षांचा संबंध. जपानमध्ये दृष्टी गमावलेल्या व्यक्तीस स्वतःच्या कमाईवर जगता यावे, यासाठी जे मार्ग परंपरेने खुले राहिले त्यांत मर्दन आणि सूचिकाचिकित्सा (अ‍ॅक्युपंक्चर) हे प्रमुख होत. डोळस व्यक्तींनी या व्यवसायात किती प्रमाणात यावे, हा प्रश्न त्यामुळे तेथे केवळ बाजारपेठेचा राहिला नाही. त्यावर कायदे झाले आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

नाव आणि परिभाषा

'आन्मा' हा शब्द ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहिला जातो त्यांचे अर्थ अनुक्रमे 'दाबणे' आणि 'चोळणे' असे आहेत. जपानी उच्चार 'अम्मा' या उच्चाराच्या बराच जवळ जातो; मराठी वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून येथे 'आन्मा' हे रूप वापरले आहे. जपानीत हा शब्द क्रियेसाठी आणि ती करणाऱ्या माणसासाठीही वापरला जात असे. माणसासाठी केलेल्या या वापराला पुढे हिणकस छटा आली, त्यामुळे आज व्यावसायिकाला तसे संबोधणे असभ्य समजले जाते. 'शिआत्सू' म्हणजे 'बोटाने दिलेला दाब'.

मराठीत मर्दन, अभ्यंग, मालिश, चंपी, तालमीतले अंग रगडणे असे अनेक शब्द असले तरी व्यवसाय करणाऱ्यासाठी सर्वमान्य शब्द नाही. संस्कृतात अंग चेपून देणाऱ्यास 'संवाहक' म्हणतात आणि शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात या नावाचे एक पात्रही आहे. परंतु मराठी व्यवहारात तो शब्द रुळला नाही. या लेखात 'मर्दन व्यावसायिक' हा शब्द वापरला आहे.

इतिहास

मर्दनविद्या चीनमधून जपानमध्ये आली. आठव्या शतकातील योरो संहितेत राजदरबाराच्या वैद्यक विभागात मर्दनाचे अध्यापक, मर्दनकार आणि विद्यार्थी अशी पदे नेमून दिलेली आढळतात. म्हणजे आरंभी ही दरबारी वैद्यकाची एक शाखा होती आणि तिचा दृष्टिहीनांशी विशेष संबंध नव्हता.

दृष्टिहीन पुरुषांचा संघ 'तोदो-झा' हा मध्ययुगात उदयास आला. त्याचे सदस्य मुख्यतः बिवा या तंतुवाद्याच्या साथीने हेइके घराण्याच्या युद्धकथा गाणारे कलावंत होते. तोकुगावा राजवटीत (इ.स. १६०३ ते १८६८) या संघाला शासनाची मान्यता मिळाली. संघात केंग्यो, बेत्तो, कोतो आणि झातो अशा चार मुख्य श्रेणी आणि त्यांच्या पोटात ७३ पायऱ्या होत्या. वरची पायरी बहुधा पैसे भरून मिळे. तळापासून केंग्यो पदापर्यंत पोहोचण्यास सातशेहून अधिक र्यो (तत्कालीन सुवर्णनाणे) लागत, अशी नोंद सांगितली जाते. पैसा उभारता यावा म्हणून सदस्यांना व्याजाने कर्ज देण्याची मुभा होती. काही केंग्यो त्यावर गबर झाले आणि सावकार म्हणून त्यांची बदनामीही झाली. तळाच्या झातोंचे मात्र हातावर पोट असे. संध्याकाळी बासरीसारखी शिट्टी वाजवत गल्लोगल्ली हिंडायचे आणि बोलावणे आले की घरात जाऊन अंग रगडून द्यायचे, हा त्यांचा दिनक्रम होता. संघात स्त्रियांना प्रवेश नव्हता. दृष्टिहीन स्त्रियांपैकी काही 'गोझे' म्हणून गावोगाव गाणी गात फिरत, तर काही मर्दनाचे काम करीत.

सुगियामा वाइची

भटक्या मर्दनकारांना शिकलेल्या व्यावसायिकाचा दर्जा मिळवून देण्याचे श्रेय सुगियामा वाइची (इ.स. १६१० ते १६९४) यांना दिले जाते. ते लहानपणी दृष्टिहीन झाले होते. एदो (आजचे टोकियो) येथे त्यांनी सूचिकाचिकित्सेचे शिक्षण घेतले, परंतु सुई नेमक्या जागी टोचणे त्यांना जमेना आणि गुरूंनी त्यांना परत पाठवले, असे परंपरा सांगते. त्यानंतर एनोशिमा बेटावरील गुहेत उपास करून परतताना ते दगडाला अडखळून पडले आणि हाताला टोचलेल्या पाईनच्या पानावरून त्यांना नळीची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी नळीची पद्धत त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. बारीक नळीत सुई घालायची, नळी त्वचेवर टेकवायची आणि सुईच्या वर आलेल्या टोकावर बोटाने हलकेच टकटक करायची, म्हणजे डोळ्यांची मदत न घेताही सुई सरळ व वेदनेविना आत जाते. दृष्टिहीनांच्या गरजेतून निघालेली ही नळी आज जगभरचे डोळस सूचिकाचिकित्सकही वापरतात.

सुगियामांनी शोगुन तोकुगावा त्सुनायोशी यांच्यावर उपचार केले आणि त्यांचा विश्वास संपादन केला. इ.स. १६८२ मध्ये शोगुनच्या आज्ञेने त्यांनी दृष्टिहीनांना सूचिकाचिकित्सा व मर्दन शिकवणारी पाठशाळा सुरू केली. पॅरिसमध्ये व्हालाँतँ आउई यांनी दृष्टिहीन मुलांची शाळा काढली, त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीची ही घटना आहे. दृष्टिहीनांना व्यवसायशिक्षण देणाऱ्या जगातील सर्वांत जुन्या संस्थांमध्ये या पाठशाळेची गणना होते.

शोगुनने काय हवे असे विचारले असता सुगियामांनी 'एक डोळा' मागितला आणि शोगुनने त्यांना होंजो भागातील 'हितोत्सुमे' येथील जमीन दिली, अशी कथा प्रसिद्ध आहे. 'हितोत्सुमे' म्हणजे 'पहिला' (विभाग), आणि उच्चाराने 'एक डोळा'ही. त्या जागी आज टोकियोच्या सुमिदा विभागात त्यांच्या स्मरणार्थ देवस्थान आहे.

एदो काळात डोळस मर्दनकारही होते. त्यांची योशिदा शैली आणि दृष्टिहीनांची सुगियामा शैली यांच्यात स्पर्धा असे. याच काळात मर्दनावर ग्रंथही लिहिले गेले. ओता शिन्साई यांचा 'आन्पुकु झुकाई' (इ.स. १८२७) हा पोटावरील मर्दनाचा सचित्र ग्रंथ त्यांपैकी विशेष महत्त्वाचा असून पुढे शिआत्सूच्या घडणीत त्याचा वाटा मानला जातो.

संघाचे विसर्जन आणि परवाना पद्धत

मेइजी शासनाने इ.स. १८७१ मध्ये तोदो-झा विसर्जित केला. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने तो सरंजामी विशेषाधिकारांचा अवशेष होता. पण त्या विशेषाधिकारांबरोबर हजारो दृष्टिहीनांचा आधारही गेला. नव्या राजवटीने पाश्चात्त्य वैद्यकाला अधिकृत वैद्यक ठरवल्याने पारंपरिक उपचार दुय्यम ठरले. क्योतो येथे इ.स. १८७८ मध्ये आणि टोकियोत त्यानंतर दोन वर्षांनी दृष्टिहीनांचे शिक्षण सुरू झाले व या शाळांनी पुढे मर्दन आणि सूचिकाचिकित्सा हे विषय अभ्यासक्रमात घेतले.

इ.स. १९११ च्या गृहमंत्रालयाच्या नियमांनी मर्दनासाठी परीक्षा आणि परवाना सक्तीचा केला. त्यात दृष्टिहीनांसाठी वेगळी, तुलनेने सोपी परीक्षा होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्यवसायावर मोठे संकट आले. इ.स. १९४७ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या ताबेदार प्रशासनाने सूचिकाचिकित्सा, अग्निकर्मासारखी मोक्सा चिकित्सा आणि मर्दन हे अशास्त्रीय व अस्वच्छ असल्याचे सांगत त्यांवर निर्बंध आणण्याचा पवित्रा घेतला. व्यावसायिक, अध्यापक आणि अंधशाळांचे विद्यार्थी यांनी त्याविरुद्ध देशभर आंदोलन केले. अखेर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या व्यवसायांना नियमांच्या चौकटीत मान्यता देणारा कायदा संमत झाला. आजचा परवाना याच कायद्याच्या सुधारित रूपावर आधारलेला आहे. इ.स. १९५५ च्या दुरुस्तीने शिआत्सू या कायद्याच्या कक्षेत आले. इ.स. १९८८ च्या दुरुस्तीने परवाना देण्याचा अधिकार प्रांतांच्या राज्यपालांकडून केंद्रीय आरोग्यमंत्र्यांकडे गेला आणि इ.स. १९९३ पासून राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली.

शिक्षण आणि परीक्षा

डोळस उमेदवारास उच्च माध्यमिक शिक्षणानंतर मान्यताप्राप्त संस्थेत किमान तीन वर्षे शिकावे लागते. अशा संस्था देशभरात वीसेकच आहेत; त्याचे कारण पुढे दिले आहे. दृष्टिहीन विद्यार्थी मुख्यतः दृष्टिबाधितांच्या विशेष शाळांमध्ये शिकतात. तेथे उच्च माध्यमिकनंतरचा तीन वर्षांचा विशेष अभ्यासक्रम असतो. त्यात मर्दन, सूचिका आणि मोक्सा या तिन्ही परवान्यांची तयारी एकत्र करता येते किंवा केवळ मर्दनाचा परवाना घेता येतो. तीव्र दृष्टिबाधित व्यक्तीस कनिष्ठ माध्यमिक शिक्षणानंतरही या मार्गाला लागण्याची सवलत कायद्यात आहे.

या वर्गांत केवळ तरुण विद्यार्थी नसतात. मधुमेहामुळे नेत्रपटल खराब झालेले, काचबिंदूने किंवा आनुवंशिक नेत्रविकाराने चाळिशी-पन्नाशीत दृष्टी गेलेले, आधीची नोकरी सुटलेले लोकही तेथे शिकतात. सैतामा प्रांतातील तोकोरोझावा येथील राष्ट्रीय पुनर्वसन केंद्रात अशा प्रौढांसाठी अभ्यासक्रम चालतो. त्यांच्यापुढील अडचण दुहेरी असते. एकीकडे पांढरी काठी घेऊन चालणे व ब्रेल शिकायचे आणि दुसरीकडे स्नायू, नसा व हाडे यांची शेकडो नावे पाठ करायची. उतारवयात बोटांना ब्रेल लवकर साधत नाही, म्हणून बरेच जण ध्वनिमुद्रित पाठ्यपुस्तकांवर भर देतात.

अभ्यासक्रमाचा मोठा भाग आधुनिक वैद्यकाचा असतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र, आरोग्यशास्त्र, निदानाची मूलतत्त्वे, पुनर्वसनवैद्यक आणि संबंधित कायदे हे विषय त्यात येतात. जोडीला पौर्वात्य वैद्यकाची तत्त्वे, शक्तिवाहिन्या (केइराकु) आणि त्यांवरील बिंदू (त्सुबो) शिकवले जातात. दृष्टिहीन विद्यार्थी सांगाड्याचे प्रत्येक हाड हातात घेऊन, त्यावरील उंचवटे आणि खाचा चाचपून शिकतात. नंतर तीच हाडे सहाध्यायाच्या अंगावर त्वचेखालून ओळखावी लागतात.

मर्दन केव्हा करू नये, याचे शिक्षण तितकेच महत्त्वाचे आहे. ताप, तीव्र दाह, ताजा अस्थिभंग, संसर्गजन्य त्वचारोग किंवा पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका असल्यास मर्दन निषिद्ध असते. गाठ सुटून फुप्फुसात गेल्यास जीव जाऊ शकतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांच्या बरगड्यांवर जोराचा दाब दिल्यानेही इजा होते. पायाची एका बाजूची सूज 'थकव्याची' नसून वेगळी आहे हे हाताला कळणे आणि ग्राहकाला परत पाठवून डॉक्टरकडे जाण्यास सांगणे, ही परवानाधारकाकडून किमान अपेक्षा असते.

राष्ट्रीय परीक्षा दरवर्षी फेब्रुवारीत होते. ती पूर्णतः लेखी व बहुपर्यायी असून उत्तीर्ण होण्यास साधारण ६० टक्के गुण लागतात. ब्रेल, मोठा टंक आणि ध्वनी अशा स्वरूपांत प्रश्नपत्रिका उपलब्ध असतात आणि दृष्टिहीनांना वाढीव वेळ मिळतो. हातांच्या कौशल्याची परीक्षा राष्ट्रीय पातळीवर होत नाही. ती जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपवलेली आहे.

मर्दनाचे प्रकार

आन्मा कपड्यांवरून किंवा अंगावर सुती कापड टाकून करतात; तेल वापरत नाहीत. हाताची दिशा धडाकडून हातापायांच्या टोकांकडे असते. त्यातील मुख्य क्रिया मळण्याची आहे. अंगठा, तळहात किंवा कोपर स्नायूवर ठेवून कणीक मळावी तशी गोलाकार वा आडवी हालचाल केली जाते. त्याखेरीज चोळणे, चेपणे, कंप देणे, सांधे हलवणे आणि थोपटणे या क्रिया आहेत. थोपटण्याचे 'क्योकुदे' नावाचे काही प्रकार खास जपानी आहेत. हात विशिष्ट रीतीने जुळवून मारल्यामुळे त्यांतून टाळीसारखा किंवा टपटप असा नाद निघतो. त्यात उपचाराइतकीच कलाकारीही आहे.

कायद्यातील दुसरा प्रकार, मसाज, हा युरोपीय वळणाचा आहे. नेदरलँड्सचे डॉक्टर योहान खेओर्ख मेत्सखर (इ.स. १८३८ ते १९०९) यांच्यामुळे युरोपीय वैद्यकात स्थिरावलेल्या क्रिया मेइजी काळात लष्करी वैद्यकामार्फत जपानमध्ये आल्या. मसाज उघड्या त्वचेवर, पावडर किंवा तेल लावून करतात. हाताची दिशा आन्माच्या उलट, म्हणजे बोटांकडून हृदयाकडे असते, कारण शिरांतील रक्त व लसिका परत वाहण्यास मदत करणे हा त्याचा हेतू असतो. अर्धांगवायू, सांधे आखडणे आणि सूज यांसाठी रुग्णालयांतून त्याचा उपयोग झाला.

शिआत्सू मध्ये चोळणे-मळणे जवळजवळ नसते. अंगठा, बोटे किंवा तळवा शरीरावर लंबरूप टेकवून दाब हळूहळू वाढवायचा, काही सेकंद स्थिर ठेवायचा आणि तितक्याच सावकाश सोडायचा, ही त्याची रीत आहे. तामाई तेन्पेकी यांच्या लेखनातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नाव प्रचारात आले. नामिकोशी तोकुजिरो (इ.स. १९०५ ते २०००) यांनी ते घरोघर पोहोचवले. होक्काइदोत राहत असताना आईच्या सांधेदुखीवर त्यांनी बालपणीच दाब देऊन पाहिला आणि त्यातून आपली पद्धत बसवली, असे ते सांगत. इ.स. १९५४ मध्ये मॅरिलिन मन्रो जपानला आल्या असता नामिकोशींनी त्यांच्यावर उपचार केले आणि शिआत्सूला एकाएकी मोठी प्रसिद्धी मिळाली. नामिकोशींची मांडणी शरीररचनाशास्त्रावर आधारलेली आहे, तर मासुनागा शिझुतो (इ.स. १९२५ ते १९८१) यांनी शक्तिवाहिन्यांच्या कल्पनेला प्राधान्य दिले. परदेशांत 'झेन शिआत्सू' म्हणून परिचित असलेली शाखा मासुनागांची आहे.

प्रत्यक्षात बहुतेक व्यावसायिक एकाच बैठकीत तिन्ही पद्धती मिसळतात. आन्माने स्नायू सैल करून मग शिआत्सूचा दाब देण्याची रीत सर्रास आढळते.

व्यवसायाचे स्वरूप

परवानाधारकांपैकी बरेच जण घरातच छोटे उपचारालय चालवतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाऊन केलेल्या मसाजाचा खर्च, स्नायूंचा पक्षाघात किंवा सांध्यांचे आखडणे अशा कारणांसाठी डॉक्टरांचे संमतिपत्र असल्यास, आरोग्यविम्यातून मिळू शकतो. वृद्धाश्रमांत शारीरिक हालचालींचे प्रशिक्षक म्हणूनही हा परवाना ग्राह्य धरला जातो. मोठ्या कंपन्यांमध्ये 'हेल्थकीपर' या नावाने मर्दन व्यावसायिक नेमले जातात. कर्मचारी कामाच्या वेळेत त्यांच्याकडे जाऊन मान-खांदे मोकळे करून घेतात. अपंग व्यक्तींना ठराविक प्रमाणात नोकरी देण्याचे बंधन कंपन्यांवर असल्याने या जागांवर बहुधा दृष्टिहीनांचीच नेमणूक होते. स्वतंत्र उपचारालयाच्या अनिश्चित मिळकतीपेक्षा ठरलेला पगार अनेकांना अधिक सुरक्षित वाटतो.

कलम १९ आणि विनापरवाना व्यवसाय

युद्धोत्तर भरभराटीत उष्णोदकाच्या झऱ्यांची पर्यटनस्थळे आणि शहरे यांतून मर्दनाची मागणी वाढली आणि डोळस व्यक्ती मोठ्या संख्येने व्यवसायात येऊ लागल्या. डोळस व्यावसायिकाला पत्ता शोधणे, हिशेब ठेवणे, रात्री-अपरात्री हॉटेलात पोहोचणे सोपे जाते. शिवाय त्याला इतर व्यवसायही खुले असतात. ही विषमता लक्षात घेऊन इ.स. १९६४ मध्ये कायद्यात कलम १९ घालण्यात आले. दृष्टिहीन व्यावसायिकांची उपजीविका फार कठीण होऊ नये यासाठी आवश्यक असल्यास डोळस विद्यार्थ्यांच्या नव्या मर्दनशाळांना किंवा वाढीव जागांना मान्यता नाकारण्याचा अधिकार या कलमाने शासनाला मिळाला. ही तरतूद 'तूर्त' म्हणून केली होती. ती आजही लागू आहे.

नवे अभ्यासक्रम सुरू करू पाहणाऱ्या शिक्षणसंस्थांना इ.स. २०१६ मध्ये मान्यता नाकारण्यात आली, तेव्हा व्यवसायस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर टोकियो, ओसाका व सेंदाई येथे दावे दाखल झाले. दृष्टिहीनांना आता इतर नोकऱ्या आणि निवृत्तिवेतन उपलब्ध आहे, त्यामुळे संरक्षणाची गरज उरलेली नाही, असा वादींचा युक्तिवाद होता. दृष्टिहीनांच्या संघटनांनी शासनाची बाजू उचलून धरली. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १९ घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला.

न्यायालयात जिंकलेले हे संरक्षण बाजारात मात्र अपुरे पडले आहे. त्याचे मूळ इ.स. १९६० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात सापडते. विद्युत उपकरणाने उपचार करणाऱ्या एका विनापरवाना इसमाच्या खटल्यात न्यायालयाने असे म्हटले, की उपचारसदृश कृत्यांवरील बंदी आरोग्यास हानी पोहोचण्याचा संभव असलेल्या कृत्यांपुरतीच लागू होते. तो खटला परवान्याच्या मर्दनाविषयी नव्हता आणि त्या इसमाला पुढे शिक्षाही झाली. पण या तत्त्वाचा आधार घेऊन विनापरवाना विश्रांतिकेंद्रे फोफावली. त्यांच्या पाट्यांवर 'मसाज' हा शब्द टाळून 'मोमिहोगुशी' (मळून सैल करणे), 'बॉडीकेअर' असे शब्द लिहिलेले असतात. तेथे काही आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर काम मिळते आणि दर परवानाधारकांच्या दराहून पुष्कळ कमी असतात. विनापरवाना मर्दनाचा व्यवसाय केल्यास पाच लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे, परंतु 'मसाज' कोठे संपतो आणि 'विश्रांती' कोठे सुरू होते याची व्याख्या कायद्यात नसल्याने कारवाई क्वचितच होते. इ.स. २०१७ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने कायदेशीर परवाना नसलेल्या हस्तोपचारांतून झालेल्या इजांबाबत जाहीर इशारा दिला. त्या वेळेपर्यंत सुमारे साडेसात वर्षांत त्याच्याकडे अशा सुमारे दीड हजार घटनांची नोंद झाली होती.

इ.स. १९६० च्या दशकाच्या आरंभी परवानाधारक मर्दन व्यावसायिकांत निम्म्याहून अधिक दृष्टिहीन होते. आज एकूण संख्या एक लाखाहून अधिक असून त्यांतील दृष्टिहीनांचे प्रमाण चौथाईच्या आसपास आले आहे.

शेजारी देशांतील स्थिती

जपानी राजवटीत ही व्यवस्था कोरिया आणि तैवानमध्येही पोहोचली. दक्षिण कोरियात मर्दनाचा परवाना केवळ दृष्टिबाधितांनाच मिळतो. तेथील घटना न्यायालयाने इ.स. २००६ मध्ये ही मक्तेदारी रद्दबातल ठरवली, तेव्हा दृष्टिहीन व्यावसायिकांनी सोलमधील हान नदीच्या पुलावरून उड्या टाकून निषेध केला. त्याच वर्षी संसदेने ती तरतूद थेट कायद्यात घातली आणि इ.स. २००८ मध्ये घटना न्यायालयाने तिला मान्यता दिली. त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्येच, तैवानच्या घटनापीठाने नेमका उलटा निर्णय दिला आणि तेथील दृष्टिहीनांची मर्दनावरील मक्तेदारी संपुष्टात आणली.

लोकप्रिय संस्कृतीत

आंधळा मर्दनकार हे जपानी कथा-नाटकांतील जुने पात्र आहे. शिमोझावा कान यांच्या इ.स. १९४८ मधील छोट्या लेखनातून आलेला झातोइची, म्हणजे 'झातो' श्रेणीचा इची, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. इ.स. १९६२ पासून कात्सु शिन्तारो यांनी त्याची भूमिका पडद्यावर साकारली. काठीत तलवार लपवून फिरणारा हा जुगारी मर्दनकार तोदो-झाच्या सर्वांत खालच्या श्रेणीतला असून, चित्रपटांत तो अनेकदा ओळख लपवण्यासाठी नव्हे, तर खरोखरच रात्रीच्या मुक्कामाचे पैसे मिळवण्यासाठी लोकांचे खांदे रगडताना दिसतो.